अटोर्वा की रोसुवा? नुसता आकडा पाहून ठरवू नका

नौपाड्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात परवा एक काका दोन पट्ट्या रबरबँडने बांधून घेऊन आले. दोन्ही कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या: जुनी अटोर्वास्टॅटिन (अटोर्वा) २०, नवी रोसुवास्टॅटिन (रोसुवा) १०. "डोस निम्मा झाला, बरं झालं. जुनी संपेपर्यंत दोन्ही घेतो," म्हणाले. माझ्या पोटात गोळाच आला.

रोसुवा १० ही ताकदीने अटोर्वा २० च्या बरोबरीची, किंबहुना थोडी वरचढच. एकीच्या जागी दुसरी आली की पहिली बंद. अटोर्वा १० ते ८० मिलिग्रॅमपर्यंत देतात, रोसुवा ५ ते ४० पर्यंत. आणि डोस दुप्पट केला म्हणून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दुप्पट उतरत नाही, जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. त्रासाचा धोका मात्र वाढतो. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आशियाई वंशाच्या लोकांना रोसुवा ५ पासूनच सुरू करायला सांगितलंय, कारण आपल्या रक्तात तिचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं.

खरा निवाडा किडनीवर आणि तुमच्या बाकीच्या गोळ्यांवर होतो. किडनी फार कमजोर असेल तर रोसुवा ५ पासून सुरू करून १० च्या पुढे नेत नाहीत. अटोर्वाला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं असेल तर माझा कल अटोर्वाकडे. पण ठाण्याच्या पावसाळ्यात गजकर्ण घराघरात होतं आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू होतात. त्या, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या, अटोर्वाबरोबर घेतल्या की अटोर्वा रक्तात साठते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना अटोर्वा चालू असल्याचं आधी सांगा. रोसुवाला हा त्रास बराच कमी. तिचं वैर ॲसिडिटीच्या पातळ औषधाशी: रोसुवा आधी घ्या, ते औषध दोन तासांनी.

वेळेचं बंधन दोन्हींना नाही, सकाळी घ्या की रात्री. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

साइड इफेक्ट दोन्हींचे सारखेच. मांड्या-खांदे दुखणं, लिव्हरचे आकडे वाढणं, साखर किंचित चढणं. अंग दुखलं म्हणून परस्पर गोळी सोडू नका, विशेषतः हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर. आधी डॉक्टरांशी बोला. मात्र अंग प्रचंड दुखतंय, अशक्तपणा आलाय, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होतेय किंवा डोळे पिवळे दिसतायत, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर हे आधीच सांगा.

काकांना मी विचारलं, "क्रिएटिनिन किती?" ते त्यांना आठवेना. जुनी पट्टी त्यांनी काउंटरवरच ठेवली आणि रिपोर्ट शोधायला घरी गेले.