उंदीर नर की मादी? वाढीच्या संप्रेरकाला विचारा

पांढऱ्या उंदराचं रक्त दर पंधरा मिनिटांनी थोडंथोडं तपासत राहिलं, तर नर-मादी आपोआप कळतात. नराची पियुषिका ग्रंथी साधारण सव्वातीन तासांनी वाढीचं संप्रेरक भसकन सोडते. मधे पातळी जवळपास शून्य. मादीत लाटा बुटक्या, वरचेवर, पण तळ कोरडा पडत नाही. यकृतातली काही विकरं (एन्झाइम) तर या तालावरच ठरतात! म्हातारपणी नराच्या लाटा खुज्या होतात.

मादीचं दुखणं निराळं. तिचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र वर्षाच्या आसपास विस्कटतं, कारण बीज सोडायला लावणारी एलएच या संप्रेरकाची उसळी उशिरा आणि अशक्त येते. अंडाशयात बीजं मात्र शिल्लक असतात. बाईची रजोनिवृत्ती बीजं सरल्याने येते, म्हणून त्या अभ्यासाला उंदीर मला अर्धाच नमुना वाटतो.