चिंचेची बाटली: हारितोस आठ महिने प्यायल्यानंतर

गेल्या मार्चमध्ये ह्यूस्टनमधल्या एका टाकेरियात, म्हणजे टाको मिळणाऱ्या छोट्या खानावळीत, आम्ही जेवायला गेलो होतो. तिथल्या फ्रीजमध्ये लाल, हिरव्या, नारिंगी पेयांच्या बाटल्या रांगेने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये कोऱ्या चहाच्या रंगाची एक बाटली होती. तिच्यावर ‘तामारिंदो’ असे लिहिलेले पाहून मी ती उचलली, कारण चिंचेचे फसफसणारे पेय मी तोपर्यंत कधी प्यायले नव्हते. गल्ल्यावरच्या बाईंनी ओपनरने बूच काढून देताना बाटलीवरच्या Jarritos या पेयाच्या नावाचा ‘हारितोस’ असा उच्चार केला, तेव्हा स्पॅनिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा ‘ह’ होतो हेही कळले. त्या दिवसापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत आमच्या घरी हे पेय जवळजवळ दर आठवड्याला आले आणि त्याच्या नऊ चवी आम्ही पिऊन पाहिल्या. घाईने मत देण्यापेक्षा उन्हाळा आणि सणवार असे दोन्ही पार पडू द्यावेत, म्हणून इतके दिवस थांबले.

हारितोस हे मुळात मेक्सिकोचे पेय आहे. फ्रान्सिस्को हिल यांनी १९५० मध्ये त्याची सुरुवात केली. चिंचेच्या रसातले पाणी काढून टाकण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि तिच्यातून मेक्सिकोतले चिंचेच्या चवीचे पहिले बाटलीबंद पेय तयार झाले, असे कंपनी सांगते. ‘हारितो’ म्हणजे मातीचा छोटा जार किंवा कुल्हड. तिकडे पाणी आणि सरबते अशा मातीच्या भांड्यांतून पिण्याची जुनी रीत आहे आणि बाटलीवरच्या चिन्हातही तीच भांडी आहेत. अमेरिकेत जिथे जिथे मेक्सिकन वस्ती आहे, तिथल्या वाणसामानाच्या दुकानांत आणि खानावळींत ही साडेबारा औंसांची, म्हणजे सुमारे ३७० मिलिलिटरची, काचेची बाटली हटकून दिसते.

चिंचेच्या बाटलीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मराठी माणूस ती हातात घेताना मनात जी चव धरून बसतो, ती त्या बाटलीत नाही. आपल्याला चिंच म्हटले की सार, आमटी किंवा भेळेची चटणी आठवते. या पेयात आंबटपणा मागे राहतो आणि पुढे येतो तो गूळ घालून आटवलेल्या चिंचेच्या कोळाचा गोड, किंचित मातकट वास. पहिला घोट घेतल्यावर मला ते फार गोड वाटले आणि मी निराश झाले. पुढच्या घोटाआधी मात्र हिरव्या मिरचीच्या साल्सात बुडवलेल्या टाकोचा घास पोटात गेला होता आणि तेव्हा तीच बाटली एकदम जमून आली. आठ महिन्यांनंतरही माझे मुख्य मत हेच आहे की हारितोस नुसते पिऊन त्याची पारख होत नाही, त्याच्या शेजारी तिखट ताट हवे. तहान भागवायला ते घेतले तर दोन घोटांनंतर जिभेवर साखरेचा थर बसतो. तिखटाबरोबर घेतले तर तीच साखर जिभेची आग शांत करते. यात फेसाचाही भाग आहे. नेहमीच्या कोलापेक्षा यात वायू कमी असतो, त्यामुळे तिखटाने पोळलेल्या जिभेला बुडबुडे टोचत नाहीत. कोलाच्या सणसणीत झटक्याची सवय असलेल्यांना हे पेय पहिल्यांदा थोडे मवाळ वाटेल, हे मान्य आहे.

जूनमध्ये घरी मिसळीचा बेत केला, तेव्हा ताकाबरोबर तामारिंदोच्या चार बाटल्याही ठेवल्या. कट चांगला झणझणीत झाला होता आणि पाहुण्यांनी ताकाआधी त्या बाटल्या संपवल्या. त्यानंतर मी एक सुधारणा करून पाहिली: पेल्यात चिमूटभर काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकून त्यावर थंडगार तामारिंदो हळूच ओतायचे. मीठ पडताच फेस भरभर वर येतो, म्हणून पेला अर्धाच भरावा आणि फेस बसल्यावर उरलेले ओतावे. अर्धे लिंबू पिळले की जो आंबटपणा मला पहिल्या दिवशी मिळाला नव्हता, तोही येतो. मेक्सिकन लोक पेल्याच्या काठाला लिंबाचा रस चोळून त्यावर तिखट-मीठ लावतात; आपली रीत त्यापासून फारशी दूर नाही.

चिंच मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी नेली आणि तिथे ती इतकी रुजली की चिंचेचे सरबत, चिंचेच्या तिखट-गोड गोळ्या यांच्याशिवाय तिथला बाजार पुरा होत नाही. ‘तामारिंदो’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘तमर हिंदी’, म्हणजे ‘हिंदुस्थानचा खजूर’, हे नाव आहे. उलट पेरू आणि अननस ही अमेरिका खंडातली फळे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. एकाच फळीवर तामारिंदो, ग्वायाबा (पेरू) आणि पिन्या (अननस) अशा तीन बाटल्या शेजारी पाहिल्या की ही जुनी देवाणघेवाण डोळ्यांसमोर उभी राहते आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

पेरूच्या बाटलीचा वास पिकलेल्या पेरूच्या जवळ जातो, पण चवीत तो दाणेदार गर कुठेच सापडत नाही. अननस बरा आहे. स्ट्रॉबेरी आणि तुतीफ्रुती मुलांना आवडले, मला नाही. ‘हमायका’ नावाची बाटली मात्र जरूर घ्यावी. ती आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांच्या चवीची आहे आणि ज्यांनी गावाकडे त्या बोंडांचे सरबत प्यायले आहे, त्यांना तो तुरट आंबटपणा लगेच ओळखू येईल. तोरोंहा, म्हणजे ग्रेपफ्रूट, ही चव सर्वांत कमी गोड वाटते, कारण शेवटी एक कडवट रेषा जिभेवर राहते. भर उन्हात बाहेरून आल्यावर नुसती प्यावीशी वाटणारी हीच एक बाटली.

फळांची नावे असली तरी हा फळांचा रस नव्हे, हे घेणाऱ्याने नीट लक्षात ठेवावे. यात वायुमिश्रित पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, स्वाद, टिकवण्यासाठी सोडियम बेन्झोएट आणि रंग असतात. अमेरिकेतल्या बहुतेक पेयांनी १९८० च्या दशकात मक्याच्या पाकाची वाट धरली, तर हारितोसमध्ये उसाची साखर आहे. गोडी स्वच्छ वाटते ती बहुधा त्यामुळे. परंतु शरीराच्या हिशेबात ती साखरच आहे. एका बाटलीत ती चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने वरून घातलेल्या साखरेसाठी सुचवलेली दिवसाची मर्यादा स्त्रियांना २५ ग्रॅम आणि पुरुषांना ३६ ग्रॅम आहे. खुद्द मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि २०२० पासून जादा साखरेच्या मालावर काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले. माझ्या यजमानांची रक्तातली साखर सीमारेषेवर आहे, म्हणून ऑगस्टपासून आम्ही नियम केला: बाटली फक्त शनिवारी आणि एक बाटली दोघांत.

एक वाईट अनुभवही सांगते. जुलैमध्ये एका दुकानातून खोके भरून बाटल्या आणल्या. तिथे त्या काचेच्या दारालगत, थेट उन्हात रचलेल्या होत्या. घरी आल्यावर पाहिले तर मँडरिनचा, म्हणजे संत्र्याच्या चवीच्या पेयाचा, रंग एका बाजूने फिका पडलेला होता आणि चव शिळ्या गोळीसारखी लागत होती. बदलून मागितल्या, तर दुकानदाराने नकार दिला. बाटली पारदर्शक काचेची असल्यामुळे उजेडापासून तिला काहीच आडोसा नसतो, तेव्हा दर्शनी भागातल्या बाटल्या टाळून आतल्या फळीवरच्या किंवा फ्रीजमधल्या घ्याव्यात.

आमच्या भागात एका बाटलीला साधारण दोन डॉलर पडतात. बूच हाताने फिरवून निघत नाही, ओपनर लागतो. सहलीला नेताना तो विसरू नये. बर्फ घालू नये, कारण आधीच बेताचा असलेला फेस पाच मिनिटांत बसतो आणि चव पाणचट होते. त्यापेक्षा बाटलीच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. मँडरिन आणि स्ट्रॉबेरी आम्ही आता आणत नाही. तोरोंहा आणि हमायका कधीतरी येतात. तामारिंदोच्या दोन बाटल्या मात्र फ्रीजच्या मागच्या बाजूला असतातच आणि ज्या शनिवारी ठेचा-भाकरी किंवा मिसळ असते, त्या दिवशी त्यांतली एक निघते.