अठरा महिने, १३९ तास: दोन आसनी विमानाचा अनुभव आणि मधेच बुडालेली त्याची कंपनी

आधी हे लिहून टाकतो: विमान उत्तम आहे. पुढे जो मनस्ताप लिहिणार आहे, तो विमानाने कमी आणि ते बनवणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदाने जास्त दिला.

मी मुलुंडला राहतो. तीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून. खासगी वैमानिकाचा परवाना पन्नाशीनंतर काढला. दोन मित्र आणि मी, असे तिघांनी मिळून युरोपातल्या एका छोट्या कंपनीकडून नवंकोरं दोन आसनी विमान घेतलं. कंपोझिट बॉडी, वर पंख, पुढे १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ इंजिन. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचा दावा अजून प्रलंबित आहे. मुंबईत विमान ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. टाटांच्या टपाल विमानसेवेचं पहिलं विमान १९३२ साली कराचीहून येऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरलं; आज तिथे बहुतेक हेलिकॉप्टरच असतात. आमचं विमान मुंबईपासून पाच-सहा तासांवर एका हँगरमध्ये आहे. शनिवारी पहाटे साडेतीनला निघायचं, उजाडायच्या आत कसारा घाट मागे टाकायचा, की सकाळची शांत हवा मिळते.

ते तास मात्र सोन्यासारखे आहेत. डिसेंबरात द्राक्षबागांवर धुकं अंथरलेलं असतं आणि आपण दोन हजार फुटांवर, १०५ नॉटने, तासाला अठरा-एकोणीस लिटर इंधनात. कंट्रोल हलके आहेत. उतरताना विमान जमिनीलगत तरंगत राहतं, त्याची सवय व्हायला मला दहा-बारा लँडिंग लागली. उन्हाळ्यात साडेनऊनंतर काचेखाली बसवत नाही. सामानाची जागा दोन बॅगांपुरती. ब्रेक जरा मऊ आहेत.

इंधनाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण माहितीपत्रकात ‘साध्या पेट्रोलवर चालतं’ असं ठळक लिहिलेलं असतं. रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. म्हणजे आपल्याकडे ते वाक्य बाद. आम्ही ॲव्हगॅसच, म्हणजे विमानांसाठीचं खास पेट्रोलच, वापरतो. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवतं, त्याआधी सगळं बाहेरून यायचं. त्यात शिसं असतं, म्हणून तेल पन्नास तासांनी बदलतो. खर्च वाढतो, पण इंजिनाने आजवर एकदाही कुरकुर केलेली नाही.

हे सगळं पहिल्या सात महिन्यांचं. आठव्या महिन्यात, मे अखेरीस, ईमेल आली. कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आहे, प्रशासक नेमला आहे, दावे अमुक तारखेपर्यंत नोंदवा. दोन वर्षांची वॉरंटी त्या दिवशी संपली. सुट्या भागांच्या पॅकेजचे साडेसहा लाख आम्ही आगाऊ भरले होते, ते गेले. तरी आमचं विमान हँगरमध्ये होतं. आमच्या मागे रांगेत पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी सत्तर टक्के रक्कम भरलेली होती आणि त्यांच्या विमानाला पंखही लागले नव्हते.

तरीही आम्ही निर्धास्त होतो. विमान उडतंय ना? मग जूनमध्ये, पावसाळ्यासाठी बंद करण्याआधी, शंभर तासांची तपासणी लवकर उरकून घेतली.

पुढच्या चाकाचा फोर्क साफ करून एएमईंनी (विमानाची देखभाल करून सही देणारे परवानाधारक इंजिनिअर) त्यावर पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारं लाल द्रव, मारलं, थांबले, पुसून काढलं आणि वरून पांढऱ्या डेव्हलपरचा फवारा मारला. ते वाळताना आम्ही दोघं वाकून बघत होतो. पांढऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग वेल्डच्या कडेला एक लाल ठिपका, त्याला लागून दुसरा, आणि मिनिटाभरात केसाएवढी बारीक लाल रेघ. लांबी अकरा मिलिमीटर. जहाजांवर अशा रेघा मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत; ही पाहून पोटात गोळा आला, कारण हा तुकडा ज्याच्याकडून मागवायचा तोच आता नव्हता.

फोर्क म्हणजे काय, तर सव्वादोन किलोची स्टीलची वेल्ड केलेली वस्तू. अंधेरीच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचा वर्कशॉपवाला आहे, त्याने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, चार दिवसांत देतो. त्याच्या कामाबद्दल मला शंका नाही. मी एएमईंना विचारलं. ते म्हणाले, “सर, तुमचा माणूस याच्यापेक्षा चांगला बनवेल, मला मान्य आहे. पण मी सही कशावर करू? ड्रॉइंग कुठाय? फॉर्म कुठाय?” मी गप्प बसलो. क्लास सर्टिफिकेट, म्हणजे जहाजं तपासणाऱ्या संस्थेचा दाखला, नसलेला भाग मी स्वतः जहाजावर कधी चढू दिला नव्हता. विमानाचा सुटा भाग नुसता धातूचा नसतो, अर्धा कागदाचा असतो. मंजूर ड्रॉइंग असतं टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या रचनेची अधिकृत मंजुरी) ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे, आणि भाग बसवण्याजोगा असल्याचा दाखला, युरोपात ईएएसए या विमान सुरक्षा संस्थेचा फॉर्म १, मान्यताप्राप्त कारखाना देतो. तो कारखानाच बंद. टाइप सर्टिफिकेटला कोणी वालीच उरला नाही, तर युरोपच्या नियमांत अशा विमानांना ‘ऑर्फन’ म्हणतात, अनाथ. हा शब्द पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे साडेपाच महिने विमान उभं होतं. प्रशासकाच्या कार्यालयाला चौदा ईमेल पाठवल्या. त्यांचं काम घेणेकऱ्यांसाठी पैसे उभे करणं हे असतं, आमचं विमान उडवणं नव्हे, हे समजायला वेळ लागला. शेवटी कंपनीच्या एका जुन्या डीलरने गोदामातला शिल्लक माल लिलावात घेतल्याचं कळलं. त्यात फोर्क होता, आणि त्याचा फॉर्म दिवाळखोरीच्या आधीच्या तारखेचा होता. किंमत जुन्या यादीच्या साडेतीन पट. घासाघीस करण्याच्या स्थितीत आम्ही नव्हतो. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गो कॉम्प्लेक्समध्ये क्लिअरिंग एजंटबरोबर दोन दिवस काढले, खोका ताब्यात आला तेव्हा मी आधी कागद काढून त्यावरचा नंबर फोर्कवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहिला. नोव्हेंबरच्या शेवटी विमान पुन्हा उडालं.

त्या उभ्या महिन्यांत मी या धंद्याबद्दल जे मिळेल ते वाचलं. आमच्या बाबतीत घडलं ते नवं नाही. उलट छोट्या विमानांच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलंय.

सगळ्यात जवळचं वाटलं ते थीलर्टचं प्रकरण. मर्सिडीजच्या मोटारीच्या डिझेल इंजिनावरून या जर्मन कंपनीने विमानाचं इंजिन बनवलं. डायमंड या विमान कंपनीच्या डीए४२ विमानात ते बसत होतं. एप्रिल २००८ मध्ये थीलर्ट दिवाळखोरीत गेली. प्रशासकाने जुन्या वॉरंट्या मानायला नकार दिला आणि सुट्या भागांच्या किमती वाढवल्या. गिअरबॉक्स ठरावीक तासांनी कारखान्याकडे द्यावाच लागत असल्याने मालकांची कोंडी झाली. यात डायमंड कंपनी जिवंत होती, बुडाला होता फक्त इंजिनवाला. डायमंडची स्वतःची ऑस्ट्रो ही इंजिन कंपनी तेव्हा उभी राहत होती. तिचं इंजिन २००९ मध्ये प्रमाणित झालं.

एक्लिप्स एव्हिएशनने तर दहा लाख डॉलरच्या आत छोटं जेट देण्याचं वचन देऊन बुकिंग घेतलं. पहिलं ठरलेलं इंजिन कमी पडलं, ते बदलावं लागलं, वर्षं गेली, किंमत वाढत राहिली. साधारण २६० विमानं दिल्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरी. ज्यांनी डिलिव्हरीआधीचे मोठे हप्ते भरले होते त्यांचे पैसे बुडाले. पण बनलेल्या २६० विमानांना २००९ मध्ये मालमत्ता विकत घेणारा नवा मालक मिळाला. तोही पुढे दुसऱ्या नावाने २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, ती गोष्ट वेगळी. २००८ मध्येच कोलोरॅडोची ॲडम एअरक्राफ्ट बंद पडली. तिची विमानं उडत होती मोजकीच, आणि त्यांना फार काळ कोणी सांभाळलं नाही. मूनी या अमेरिकन विमान कंपनीचं बघा: कारखाना कितीदा बंद पडला, २०१९ मध्येही पडला, पण हजारो मूनी उडतायत म्हणून दर वेळी सुटे भाग बनवायला कोणीतरी पुढे येतं. इतकं सगळं वाचून माझ्या हाती लागलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. कंपनी बुडाल्यावर गिऱ्हाइकाला वाचवतो तो हवेत असलेल्या विमानांचा आकडा. आमच्या मॉडेलची जगात ऐंशीही नाहीत.

आणि हे फक्त स्वप्नं विकणाऱ्यांचंच होतं असं मुळीच नाही. व्हॅन्स एअरक्राफ्ट ही स्वतः जोडायच्या विमानांची किट विकणारी १९७३ पासूनची नेक कंपनी, त्यांची अकरा हजारांवर विमानं उडालेली. लेझरने कापलेल्या भागांत तडे जाण्याचा प्रश्न, गंजलेली किट, आणि खर्चाहून कमी भावात घेतलेल्या ऑर्डरी यांनी त्यांनाही डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयात नेलं. गिऱ्हाइकांना किमती जवळपास एक तृतीयांश वाढवून नवा करार करावा लागला, तेव्हा कुठे २०२४ मध्ये कंपनी सावरली. सेसनासारख्या बड्या कंपनीने १९८६ साली पिस्टनची छोटी विमानं बनवणंच थांबवलं होतं, नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या भीतीने. अमेरिकेत १९७८ मध्ये सतरा हजार आठशेच्या वर छोटी विमानं बनली, १९९४ मध्ये हजारही नाहीत. इतक्या लहान बाजारात प्रमाणपत्राचा खर्च, विम्याचा खर्च आणि साचे वसूल कसे व्हायचे?

वसूल होतात ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून. ऑर्डर देण्याआधी मी त्यांचा कारखाना पाहून आलो होतो. लांब शेडमध्ये नऊ सांगाडे ओळीने उभे होते, स्वच्छ, पांढरे. त्यातल्या दोघांनाच इंजिन होतं. मला वाटलं, वा, भरपूर काम आहे. आज ते चित्र आठवलं की वेगळं दिसतं. सांगाडा घरच्या साच्यात, घरच्या माणसांकडून बनतो; इंजिन बाहेरून रोख मोजून आणावं लागतं. नऊ सांगाडे आणि दोन इंजिनं, म्हणजे सात जणांच्या ॲडव्हान्सचे पैसे आधीच कुठेतरी खर्च झाले होते. याची टोपी त्याच्या डोक्यावर चालली होती. आमचं इंजिन पुण्याच्या त्या गृहस्थांच्या हप्त्यातून आलं असावं, हा विचार मला अजून टोचतो.

आपल्याला मुंबईत हे कळायला हवं होतं. अर्धवट टॉवरमध्ये पैसे अडकलेलं एक तरी कुटुंब प्रत्येकाच्या ओळखीत आहे. म्हणून तर रेरा आला आणि गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरला बंधनकारक झालं. विमानाला रेरा नाही. तुमचा ॲडव्हान्स म्हणजे कंपनीला दिलेलं बिनतारण कर्ज. दिवाळखोरीत आधी बँका, कामगार आणि तारणवाले, मग तुम्ही.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर मी एस्क्रो खात्याशिवाय (काम होईपर्यंत पैसे तिसऱ्याच्या ताब्यात राहतात ते खातं) एक रुपया देणार नाही. कंपनी नाही म्हणाली तर उठून येईन. हप्ता भरला की त्या टप्प्यापर्यंतचा सांगाडा, इंजिन आणि त्यांचे सीरियल नंबर आमच्या नावावर झाल्याचं करारात मागेन. सध्याच्या भावाने विमान विकून कंपनीला चार पैसे सुटतात का, हे तोंडावर विचारीन. फार स्वस्त विमान ही आता मला धोक्याची खूण वाटते. इंजिन आणि पॅनेल मोठ्या, स्वतंत्र कंपन्यांचं आहे ना, हे पाहीन. आमच्या बाबतीत तेवढं बरं झालं: रोटॅक्सचे भाग आजही मिळतात, पाच वर्षांनी बदलायच्या रबरी नळ्यांचीही चिंता नाही. चिंता आहे ती फक्त त्याच कंपनीत बनलेल्या वस्तूंची: चाकाचे पाय, दारं, कंट्रोलचे दांडे, पुढची काच. पहिल्याच दिवशी या वस्तूंचा एक जादा संच कागदांसह हँगरमध्ये आणून ठेवा. पॅकेजचे पैसे भरून मागाहून येईल म्हणून थांबू नका, आम्ही थांबलो. आणि विकायचा विचार असेल तर तोही आधीच करा. आमचं विमान गेल्या तीन महिन्यांत चौघांनी पाहिलं, चौघांनीही कंपनीचं नाव ऐकल्यावर फोन बंद केले.

उडताना विमानाला पाचपैकी पाच देतो. खरेदीला एक, तोही हँगरमध्ये पोहोचलं म्हणून.

तडा गेलेला फोर्क टाकून दिलेला नाही. पांढऱ्या डेव्हलपरसकट वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलाय. कोणी टाइप सर्टिफिकेट विकत घेतलं तर त्यांना तो दाखवायचा आहे, कारण तो वेल्ड बदलायला हवा. मीटर १३९ तासांवर आहे. पुढची मोठी तपासणी २०० ला. तोवर दुसरा फोर्क हाताशी हवा. कोणाकडे असेल किंवा युरोपात कोणाच्या गोदामात दिसला तर कळवा, मॉडेल निरोपात सांगतो. फॉर्म १ सोबत असेल तरच.