जमाखर्चाचं पहिलं वेब ॲप: नुसतं जावास्क्रिप्ट की फ्लास्क-एसक्यूलाइट?

प्रोग्रॅमिंग शिकताना स्वतःचं पहिलं काही बनवायला जमाखर्चाचं ॲप हा उत्तम विषय आहे. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. सगळं ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने करून नोंदी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत ठेवायच्या, की मागे फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची चौकट) आणि एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) उभं करायचं? मी हे ॲप दोन्ही पद्धतींनी बनवलं आहे, याच क्रमाने.

सुरुवातीचा उत्साह टिकवण्यात पहिली पद्धत पुढे आहे, यात वाद नाही. पहिल्याच संध्याकाळी माझ्या पडद्यावर नोंदी दिसायला लागल्या होत्या. फ्लास्कच्या वेळी तीच संध्याकाळ व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी पायथनची जागा), राउट (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालेल ते) आणि टेम्प्लेट (पानाचा साचा) समजून घेण्यात गेली, आणि हाती आला एक रिकामा फॉर्म. तिथे कंटाळून सोडून देणारे असतील तर मला नवल वाटणार नाही.

पण माझा कौल फिरवला तो एका चुकीने. ॲपमध्ये प्रत्येक प्रकारच्या खर्चाला मर्यादा होती आणि ती ओलांडली की लाल सूचना यायची. बरेच दिवस छान चाललं. मग मी ‘नोंद दुरुस्त करा’ ही सोय जोडली आणि भाड्याची 900 ची नोंद बदलून 1000 केली. मर्यादा 900 होती. बेरीज बरोबर 1000.00 दिसत होती, सूचना मात्र आली नाही.

शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. फॉर्ममधून येणारी किंमत नेहमी मजकूर असते. नवी नोंद घेताना मी तिचा आकडा करत होतो, दुरुस्तीच्या वेळी ते राहून गेलं. त्यामुळे जावास्क्रिप्टने बेरीज न करता मजकूर नुसता जोडला, आणि शून्यापासून सुरू होणारी बेरीज ‘01000’ असा मजकूर झाली. मर्यादाही मजकूरच होती, म्हणून तुलना अक्षराअक्षराने झाली: ‘0’ हे ‘9’ च्या आधी येतं, तेव्हा खर्च मर्यादेच्या आत! पडद्यावर दाखवताना मी पुन्हा आकड्यात रूपांतर करत होतो, म्हणून तिथे सगळं आलबेल. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दिसतात त्या खिडकीत, एकही एरर नाही.

फ्लास्कमध्येही फॉर्ममधून मजकूरच येतो, आणि तीच चूक मी तिथेही केली. पण पायथनने बेरीज करायलाच नकार दिला. टाइपएरर, म्हणजे आकडा आणि मजकूर मिसळल्याची तक्रार, ओळ क्रमांकासकट. पाच मिनिटांत काम झालं. पुढे नोंदी एसक्यूलाइटच्या टेबलात गेल्यावर हा प्रश्न आणखी सौम्य झाला: पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘1000’ हा मजकूर टाकला तरी एसक्यूलाइट त्याचा आकडा करून ठेवतं. 2021 मध्ये आलेल्या त्याच्या 3.37 या आवृत्तीपासून टेबल ‘स्ट्रिक्ट’ (कडक) करता येतं, मग ‘हजार’ असं काही घुसवायला गेलात तर ते घेतच नाही. शिवाय प्रकारवार बेरजेसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं वीसेक ओळींचं लूप डेटाबेसला विचारलेल्या ‘ग्रुप बाय’च्या (गटवार बेरजेच्या) एका क्वेरीत बसलं.

पैशांच्या हिशेबात एरर देऊन थांबणारं ॲप मला चुकीचा आकडा शांतपणे दाखवणाऱ्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं. अर्थात टाइपस्क्रिप्ट (आकडा की मजकूर हे आधीच तपासणारं जावास्क्रिप्टचं रूप) घेतलं तर असल्या बऱ्याच चुका आधीच पकडल्या जातात, पण पहिल्याच प्रकल्पात ती आणखी एक पायरी होते. आणि 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.30000000000000004 हा घोळ दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणून रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवा.

लोकलस्टोरेजची आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ॲप स्वतःच्या संगणकावर चालवताना पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ ऐवजी 127.0.0.1 (दोन्ही म्हणजे तुमचाच संगणक) टाइप केलं, किंवा पोर्ट (पत्त्यातला शेवटचा क्रमांक) बदलला, की नोंदी गायब दिसतात. त्या गेलेल्या नसतात, जुन्या पत्त्यावर असतात. पण तेवढ्या वेळात जीव टांगणीला लागतो.

फ्लास्कची खरी डोकेदुखी ॲप इंटरनेटवर चढवताना सुरू होते. लॉगिन करावं लागतं, नाहीतर लिंक मिळालेला कुणीही तुमचा खर्च वाचेल. काही मोफत होस्टिंगवर (इंटरनेटवर ॲप ठेवायच्या सेवांवर) नवी आवृत्ती चढवली की एसक्यूलाइटची फाइल पुसली जाते. तेव्हा नुसतं कुणाला लिंक पाठवून दाखवायचं असेल, तर जावास्क्रिप्टचा मार्ग घ्यायला हरकत नाही. फक्त आकड्यात रूपांतर करणारं फंक्शन एकच ठेवा, आणि नवी नोंद, दुरुस्ती, मर्यादा अशी प्रत्येक रक्कम त्यातूनच जाऊ द्या. ॲप रोज स्वतःसाठी वापरणार असाल तर फ्लास्क घ्या, निदान महिनाभर स्वतःच्याच संगणकावर चालवा, आणि पहिल्या दिवशी फॉर्मच्या आधी टेबल लिहा.