सॅन डिएगोत एकच दिवस आहे: सीवर्ल्ड करायचं की ला हॉया?

उन्हाळा आला की आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत भारतातून आईबाबा आलेले असतात आणि लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, सॅन डिएगोला एक दिवस काढलाय, नातवंडांना आणि आजीआजोबांना एकत्र समुद्रातले प्राणी दाखवायचेत, मग सीवर्ल्ड, म्हणजे समुद्री प्राण्यांचं तिकीटवालं पार्क, की ला हॉया, म्हणजे शहराचा समुद्रकाठचा भाग? आम्ही दोन्ही केलंय, तेही हाच गोतावळा घेऊन, आईचे गुडघे आणि चार वर्षांचा धाकटा धरून. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा लिहीत नाही, त्या सारख्या बदलतात, फोनवर बघून घ्या.

ला हॉया म्हणताना मी तीन गोष्टी एकत्र धरतोय. खाली कोव्हच्या, म्हणजे छोट्या खाडीच्या, खडकांवरचे सी लायन, तिथून रमतगमत दहा-पंधरा मिनिटांवर चिल्ड्रन्स पूलचे सील, आणि गाडीने वर टेकडीवर स्क्रिप्स या समुद्रसंशोधन संस्थेचं बर्च ॲक्वेरियम. तिकीट फक्त शेवटच्याला आहे.

आधी सीवर्ल्डचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच आहे. 1964 पासून मिशन बेवर उभं आहे, सगळं एका कुंपणात, रस्ते सपाट, स्वच्छतागृहं जागोजागी, व्हीलचेअर भाड्याने मिळते, गाडी एकदा लावली की विषय संपला. पेंग्विनच्या थंडगार दालनात बाबा जे उभे राहिले ते हलेचनात. शार्कच्या बोगद्यात डोक्यावरून शार्क जातो तेव्हा धाकटा माझा पाय सोडायला तयार नव्हता. आणि घरात बारा-तेरा वर्षांचं कोणी असेल तर प्रश्नच मिटला, मांटा आणि 2022 ला आलेली एम्परर या रोलरकोस्टर आहेत, त्या पोरांना समुद्राशी काही देणंघेणं नसतं, रोलरकोस्टर पाहिजे असते. सी लायनचा विनोदी शो बघून आई इतकी हसली की तिला इंग्लिश कळत नाही हे शेजारच्या बाईला पटेना.

आता ओर्का, म्हणजे किलर व्हेल, डॉल्फिनच्याच कुळातले. याबद्दल सगळे दबक्या आवाजात विचारतात. कंपनीने 2016 मध्ये ओर्कांची पैदास थांबवली, कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी तसा कायदा पण केला, म्हणजे आज तिथे आहेत ती शेवटची पिढी. पूर्वीसारखा नाच-गाण्याचा शो आता नाही, मोठ्या पडद्यावर माहिती सांगतात आणि मधेमधे ओर्का उड्या मारतात. पुढच्या रांगांत बसलात तर चिंब होणार, बदलायचे कपडे घेऊन जा. बाबांना हे बघायचंच होतं, कारण आपल्याकडे 2013 मध्ये केंद्राने डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन ठेवून खेळ दाखवणाऱ्या जागांना, परवानगी द्यायची नाही असं ठरवून टाकलं, भारतात हे कुठेच बघायला मिळणार नाही. आईचं म्हणणं उलट, डॉल्फिन तारकर्लीला होडीतून दिसले होते की, आणि ते कोणी सांगितलं म्हणून उडी मारत नव्हते. मी वाचलं होतं की तिथली कॉर्की नावाची मादी 1969 साली ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रातून पकडून आणलेली, ते सांगितल्यावर आईने मनात हिशोब केला आणि म्हणाली, म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीपासून. मग गप्पच बसली. मी काही प्राणिहक्कवाला नाही, आणि दुसरी बाजूही आहे. 1997 मध्ये किनाऱ्याला लागलेलं ग्रे व्हेलचं एक पिल्लू याच लोकांनी सव्वा वर्ष सांभाळलं आणि 1998 ला परत समुद्रात सोडलं, तेव्हा त्याचं वजन आठ टनांच्या वर गेलेलं. हे काम सोपं नाही. तर ज्याने त्याने ठरवावं.

माझं ठरलं ते वेगळ्याच कारणाने, आणि त्यात पार्कचा काडीचा दोष नाही. दोष आमच्या घराचा आहे. एकदा तिकीट काढलं की आमच्याकडे कोणी कोणाला बसू देत नाही. बाबांनी पार्किंगलाच विचारलं, सगळ्यांचे मिळून रुपयात किती झाले, आणि मी वेड्यासारखं खरं सांगितलं. झालं. त्यानंतर दिवसभर तो आकडा आमच्याबरोबर फिरत होता. आईचे गुडघे दुखायला लागले, मी म्हटलं जरा सावलीत टेकू, तर तीच म्हणते, एवढे भरलेत आणि टेकायचं काय, बसायला घर आहे. धाकट्याची झोपेची वेळ झाली तर त्याला स्ट्रोलरमध्ये झोपवून पुढच्या शोला पळवत नेला, डॉल्फिन उडत होते तेव्हा तो गाढ झोपलेला, मग बाबांना त्याच्या तिकिटाची हळहळ. फोनवर शोच्या वेळा, हा संपला की वीस मिनिटांत तो, मधे जेवण, जेवणाच्या रांगेत परत रुपयाचा हिशोब, पेंग्विन परत बघू म्हणाले तर वेळ नाही कारण अजून कासवं राहिली. मुलगी नऊ वर्षांची, तिला बांबू शार्कच्या टाकीत हात घालून नुसतं उभं राहायचं होतं, तिला मीच ओढून नेलं. संध्याकाळी गाडीत सगळे थकलेले आणि बाबा समाधानाने म्हणतात, काही राहिलं नाही ना? राहिलं काहीच नाही, पण पाहिलं काय ते कोणाला धड सांगता येईना. तुमच्याकडे वार्षिक पास असेल तर हा त्रास अर्धा होत असावा, कारण मग आजचा दिवस वसूल करायचं ओझं नसतं. किंवा तुमच्या घरचे लोक आमच्यापेक्षा शहाणे असतील.

ला हॉयाला कोव्हवर कोणी पैसेच भरले नाहीत, त्यामुळे कोणाला घाईच नाही. एवढाच फरक, पण दिवसाची जातच बदलते. स्क्रिप्स पार्कच्या हिरवळीवर चटई टाकली, दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमधला चहा, आणि खाली सी लायन एकमेकांवर खेकसतायत, एक झोपलेल्यांच्या अंगावरून चढून वर येतोय, दुसरा त्याला ढकलतोय. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मागतात तसं चाललेलं. आई तास-दीड तास नुसती बघत बसली. मुलीने स्वतःच शोधून काढलं की सी लायनला बाहेर कान दिसतात आणि तो पुढच्या पायांवर चालतो, सीलला तसे कान नाहीत आणि तो पोटावर सरपटतो, आणि मग प्रत्येक प्राण्याला हा कोण ते ओळखण्याचा खेळ सुरू झाला. चिल्ड्रन्स पूलची गोष्ट तर बाबांनी भारतात सगळ्यांना सांगितली. एलन ब्राउनिंग स्क्रिप्स नावाच्या बाईंनी 1931 मध्ये लहान मुलांना सुरक्षित पोहता यावं म्हणून पदरच्या पैशाने समुद्रात भिंत बांधून दिली, आणि नंतर सीलनी जागा बघितली आणि राहायलाच आले. माणसं विरुद्ध सील अशी कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. आता 15 डिसेंबर ते 15 मे, पिल्लांच्या दिवसांत, वाळूवर उतरायला माणसांना बंदी असते, वरून बघायचं.

दुपारी बर्च. छोटं आहे, दोन तासांत होतं, आणि छोटं आहे हेच मला आवडलं. केल्पच्या, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, उंच टाकीसमोर बसायला जागा आहे, सी ड्रॅगन आहेत जे पानासारखे दिसतात आणि पानासारखेच हलतात, 2022 पासून छोटे निळे पेंग्विन आलेत, साधारण फूटभर उंचीचे. बाहेर गच्चीवर भरती-ओहोटीच्या डबक्यांत हात घालता येतो, समोर सगळा पॅसिफिक. इथे तिकीट होतं, पण बाबांनी रुपये विचारले नाहीत, सकाळचं फुकट मिळालेलं त्यांनी परस्पर वळतं करून घेतलं असणार.

त्रास इथेही आहेत, लपवत नाही. वास. सी लायन आणि पाणकावळ्यांच्या विष्ठेचा असा वास की पहिली पाच मिनिटं नाकाला रुमाल, या वासावरून तिथल्या धंदेवाल्यांनी शहरावर केस पण केली होती. पार्किंग म्हणजे नशीब, रस्त्यावर जागा मिळाली तरी तासांची मर्यादा असते, दहाच्या आत पोचलात तर ठीक, नाहीतर गॅरेजमध्ये पैसे मोजा. कोव्हला खाली उतरायला पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी वरूनच बघावं, दिसतं व्यवस्थित. मे-जूनमध्ये दुपारपर्यंत ढग हटत नाहीत आणि वारा बोचतो, आईला स्वेटर लागला. आणि मोठी गोष्ट म्हणजे प्राणी तुमच्या वेळेला बांधलेले नाहीत, कधी खडकावर शंभर, कधी तुरळक. जवळ जाऊन सेल्फी काढू नका, चावतात, आणि पॉइंट ला हॉयाच्या खडकांवर तर जायलाच बंदी आहे.

त्यामुळे घरात रोलरकोस्टरची वयाची पोरं असतील, किंवा कोणाला ओर्का आयुष्यात एकदा बघायचाच असेल, किंवा आजोबांना अजिबात चालवत नसेल, तर सीवर्ल्ड घ्या, आणि मनाशी तीनच गोष्टी ठरवून जा, बाकीच्या राहू द्या. पोरं दहाच्या आतली आणि आईबाबा निवांत बसणारे असतील तर मी आपला ला हॉयाकडे झुकेन, पुढच्या वर्षी सासूबाई-सासरे येतायत तेव्हा आमचं तेच ठरलंय. डिसेंबर ते एप्रिलमध्ये जात असाल तर दुर्बीण घ्या, ग्रे व्हेल अलास्काकडून मेक्सिकोत जातात-येतात तेव्हा किनाऱ्यावरूनही कधीकधी फवारा दिसतो. आणि कुठेही जा, बाबांनी रुपयात किती विचारलं तर अर्धेच सांगा.