न्यूयॉर्कमध्ये हॅलोविन: इमारतीत की गल्लीत?

तीन वर्षांच्या मुलाला ‘ट्रिक-ऑर-ट्रीट’ला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला वेश करून दारोदार खाऊ मागायला न्यायचं तर न्यूयॉर्कमध्ये दोन पर्याय. बऱ्याच मोठ्या इमारतींत लॉबीत यादी लागते. ज्यांना मुलं आलेली चालतील ते तिच्यावर आपला घर नंबर लिहितात, मग लिफ्टने वर जाऊन एकेक मजला उतरत यायचं. पावसाची चिंता नाही, शू लागली तर घर जवळच. पण प्रत्येक वेळी बंद दार, बेल आणि अचानक समोर अनोळखी चेहरा. लाजऱ्या मुलाला हे फार जड जातं.

दुसरा पर्याय गल्लीचा. शहराच्या ब्रुकलिन भागातल्या पार्क स्लोप वस्तीत माणसं घराबाहेरच्या पायऱ्यांवरच खाऊचं भांडं घेऊन बसतात. मूल लांबून बघतं, धीर आला की आपणहून पुढे होतं. तो धीर त्याचा स्वतःचा असतो, म्हणून मी गल्लीच निवडेन. ब्रुकलिन हाइट्सची गार्डन प्लेस ही गल्ली त्या संध्याकाळी गाड्यांना बंद असते खरी, पण गर्दीत स्ट्रोलर हलत नाही. ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या आत मावळतो. चारलाच निघा, भीतिदायक मुखवटे अंधारात वाढतात.

कडक गोळ्या आणि अख्खे दाणे दोन्हीकडे पिशवीतून आधी काढून घ्या. या वयात ते घशात अडकतात.