शॉकअप बदलले म्हणाला, नटाला पानाही लागला नव्हता

माझी स्विफ्ट २०१०ची, डिझेल. १,३८,००० किलोमीटर झालेत. एवढ्या वयाच्या गाडीत काहीतरी वाजणारच, हे धरूनच मी चालवतो. पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुढच्या डाव्या बाजूने जो आवाज सुरू झाला तो वेगळा होता. गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवरून वीसच्या वेगाने गेलं की टक-टक-टक, डब्यात सुपारी हलवल्यासारखा. हायवेला चिडीचूप. स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली तरी काही नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की टक्! ही गंमत माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ कळायला दहा हजार रुपये जावे लागले.

पुतणीचं लग्न रत्नागिरीला. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून जायचं, गाडीत आई, बायको, दोन पोरं. म्हणून घराजवळच नव्याने निघालेल्या एका गॅरेजमध्ये गेलो. खाली टाइल्स, बसायला सोफा, पोरांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट. आमचा जुना मिस्त्री उद्यमनगरात, तिथं पार्किंगची बोंब. तेवढ्यासाठी आळस केला.

गॅरेजवाल्याने डावं चाक जॅकवर घेतलं, धरून हलवलं, आत टॉमी (लोखंडी पहार) घालून खटखट केलं आणि मला बोलावलं. "साहेब, हे बघा." टॉर्चच्या उजेडात शॉकअपवरून, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यावरून, तेल ओघळत होतं. चकचकीत, ताजं. "दोन्ही शॉकअप गेलेत. घाटात वळणावर गाडी ऐकणार नाही. घरच्यांना घेऊन जायचंय म्हणता ना?" एवढं बोलून तो गप्प बसला. पुढचं काम माझ्या डोक्याने केलं.

बायकोला दाखवायला मी त्या तेलाचा फोटो काढला होता. तो आता बघितला की स्वतःचीच लाज वाटते. शॉकअप खरंच गळतो तेव्हा तेल वरच्या सीलमधून, रॉडच्या मुळापासून येतं. त्यावर रस्त्याची धूळ बसत जाते आणि नळकांड्यावर काळा, चिकट थर चढतो. माझ्या फोटोत वरचा अर्धा भाग कोरडा ठणठणीत आहे, कोरडी लाल धूळ जशीच्या तशी. तेल मधूनच सुरू होतं आणि खाली ओघळतं. मी फोनवर बोलायला बाहेर गेलो होतो, त्या पाच मिनिटांत कुणीतरी ऑइलकॅनचं टोक तिथं टेकवलं असणार.

शॉकअपची जोडी ६,४००, माउंटिंग १,८००, मजुरी १,५००, अलाइनमेंट ५००. एकूण १०,२००. "पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल," असं तो म्हणाला आणि मी, बँकेत सव्वीस वर्षं काढलेला माणूस, "राहू दे" म्हणालो. पैसे यूपीआयने दिले तेही गॅरेजच्या नाही, कुणातरी माणसाच्या नावावर. जुने पार्ट मागायचे, एवढं वडिलांनी शिकवलेलं डोक्यात होतं. त्याने आढेवेढे न घेता दोन जुने शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकले. माझा उरलासुरला संशयही तिथंच फिटला. चाकाच्या फटीतून बघितलं तर आत काळे कुळकुळीत नवे शॉकअप. आवाज बंद. लग्नाला जाऊन आलो, घाट मजेत उतरला.

बाराव्या दिवशी पेव्हर ब्लॉकवर परत टक-टक-टक.

परत गेलो तर म्हणाला, "शॉकअप झाले, आता स्टिअरिंगचा रॅक वाजतोय. चौदा हजार." तेव्हा कुठं पाल चुकचुकली. गाडी वळवली आणि मुकाट्याने उद्यमनगर गाठलं.

आमच्या मिस्त्रीकडे जॅक लावायची घाई नाही. आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. ती एकदा वर आली आणि थांबली. "शॉकअप बरा हाय. गेला असता तर दोन-तीनदा डुलली असती." मग गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, चारही चाकं जमिनीवरच ठेवून, आणि खाली उतरला. मी म्हटलं, चाक उचलून बघा की. तर म्हणाला, "एक चाक उचललं की स्टॅबिलायझर पिळतो, लिंक रॉड ताणून बसतो. मग त्यातली ढिलाई हाताला लागतच न्हाई." मलाही खाली बोलावलं. माझा अंगठा त्याने लिंक रॉडच्या सांध्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने रॉड धरून हिसका दिला. अंगठ्याला टक् लागलं. महिनाभर कानाने ऐकत होतो तोच आवाज, आता बोटात.

स्टॅबिलायझर म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी दांडी, वळणावर गाडीला कलू न देणारी. तिची टोकं शॉकअपला ज्या रॉडने जोडलेली असतात, तो लिंक रॉड. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडी नुसती फिरते, पिळत नाही, म्हणून स्पीडब्रेकरवर शांतता. एकच चाक खड्ड्यात गेलं की दांडी पिळते आणि झिजलेला सांधा वाजतो. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट सुटला तर चाक खरंच आडवं पडू शकतं, तिथं हयगय नको. लिंक रॉड गेला तर गाडी वळणावर जरा जास्त झुकते आणि कटकट करते. चाक निघून येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच. मिस्त्रीने सांध्याचं फाटकं रबर चिमटीत धरून दाबलं. आतून पिवळं, नवंकोरं ग्रीस बाहेर आलं. "हे कुणी भरलं?" मी भरलं नव्हतं. म्हणजे आवाज कुठून येतो हे त्या टाइल्सवाल्याला पहिल्याच दिवशी नेमकं कळलं होतं! फाटक्या रबरात सुईने ग्रीस भरून त्याने बारा दिवसांची शांतता विकत दिली. तो अडाणी असता तर मला एवढा राग आला नसता.

मग मिस्त्रीने लिंक रॉडच्या नटावर टॉर्च मारला. या गाडीत शॉकअप काढायचा तर हा नट सोडावाच लागतो. नट गंजून बोल्टला एकजीव झालेला, कडा शाबूत, पान्याचा ओरखडा नाही. त्यावर काळ्या रंगाचे शिंतोडे मात्र होते. ब्रेकच्या रबरी नळीवरही. त्याने खिशातलं नाणं काढून माझ्या 'नव्या' शॉकअपवर घासलं. रंगाखाली गंज. जागच्या जागी स्प्रे मारलेला. माउंटिंगचं तर विचारायलाच नको.

डिकीतलं वर्तमानपत्र उघडलं तेव्हा मिस्त्री हसला. "ह्याला लिंक लावायची पट्टीच न्हाई. हे तुमच्या गाडीचं नव्हंच." कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचे शॉकअप मी सांभाळत बसलो होतो.

लिंक रॉडची जोडी १,१५०, मजुरी ३००. अर्धा-पाऊण तास लागला, त्यातला बराच वेळ तो गंजका नट सोडवण्यात.

फोटो घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो. "पोरानं केलं असेल, तो सोडून गेला" असं म्हणाला आणि वर "बिल दाखवा." वहीतून फाडलेला, नाव-गाव नसलेला कागद दाखवला तर म्हणाला, हे आमचं कशावरून? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. त्यांनीही पहिल्यांदा बिलच मागितलं. आपण कामासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं खरं. पण जीएसटीचे पैसे वाचवताना माझ्या हातात पुरावाच राहिला नव्हता. यूपीआयची नोंद, फोटो आणि मिस्त्रीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी जोडून तक्रार केली आहे. बघू.

ते दोन शॉकअप अजून जिन्याखाली पडलेत. भंगारवाला दोनदा मागून गेला, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत देत नाही म्हणून सांगितलंय. कुणाच्या गाडीचे आहेत कोण जाणे. निदान त्याचे तरी खरोखर बदलले होते का, हा प्रश्न तेवढा डोक्यातून जात नाही.